कलम एकोणसत्तर

वेंगुर्ल्याच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या दुकानावर
प्रभूखानोलकर वकीलबाईंची खोली.
खिडकीतून बंदराकडे जाणारा रस्ता दिसतो,
बंदर दिसत नाही.

लग्न कधी? बाईंनी विचारलं.
नोव्हेंबरात, जोकीम म्हणाला.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
मग हे मृत्युपत्र त्या दिवशी संपलं.
ख्रिस्ती माणसानं लग्न केलं
की आधीचं लिहिलेलं आपोआप रद्द.
कलम एकोणसत्तर.

तो हसला.
सत्तावीस वर्षं बहारीनच्या सुक्या गोदीत
जहाजांच्या पोटांचा गंज खरवडलेला माणूस,
त्याला ती गंमत वाटली.
मला नाही.
आदल्या रात्री त्यानंच ते वाचायला दिलं होतं,
तीन पानं, कडांना कसर लागलेली.
सगळीकडे एस्परांसा.
घर एस्परांसाला, काजूची बाग एस्परांसाला,
आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी:
ती नसल्यास तिचं शिवणाचं मशीन
उभादांड्याच्या मार्थेला,
कारण मार्थेचा हात तिच्यासारखा सरळ चालतो.

कारण द्यायची गरज नसते, बाई म्हणाल्या.

मग मनामाच्या बँकेतले पैसे निघाले.
त्यासाठी वेगळा कागद, त्याचं अरबी भाषांतर,
भाषांतरावर शिक्का, शिक्क्यावर आणखी शिक्का.
आणि जपा, त्या म्हणाल्या,
तिकडच्या कागदात सवयीनं कुणी
‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ लिहिलं
तर इकडचंही मरेल.
एका ओळीनं दोन देशांतलं.

दुपारी माझी पाळी आली.
कुडाळच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स होते.
मला नमुना वाचावा लागला नाही.
सहा नंबरच्या खाटेवरचे तोरस्करमास्तर,
नळी उपसतात म्हणून मनगटं गॉजनं बांधलेली,
आणि व्हरांड्यात तीन मुलगे
एकमेकांकडे न बघता चहा पीत.
ती गाठ मी मारली होती.
लिहा, मी म्हटलं,
हात बांधायचे नाहीत.

आणि तुमचं काय, बाईंनी जोकीमला विचारलं.
तो कितीतरी वेळ पंख्याकडे बघत राहिला.
‘माका घराकडेच ऱ्हवांदेत. आणि माझी दाढी करा.’
बाईंनी ते लिहिलं नाही.
मग लिहिलं.

तुम्हाला बोलता येईनासं झालं
तर तुमच्या वतीनं ठरवणार कोण?
तो रकाना रिकामाच राहिला.
त्यानं लेस्टरला फोन लावला, लेकीला.
तिकडे सकाळ, तिच्या मागे किटली शिट्टी मारतेय.
लिविया गप्प. आम्हाला वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाली,
सेलेस्तीनचं नाव घाल, पप्पा. तिला कळतं त्यातलं.
तोवर मी ‘त्या बाई’ होते.
मी पर्समध्ये उगाच चष्मा शोधत बसले,
चष्मा डोळ्यांवरच होता.

निघताना मी वकीलबाईंना म्हटलं,
नव्या कागदात मशीनची ओळ तशीच ठेवा,
कारणासकट.
ठेवीन, त्या म्हणाल्या, पण सही लग्नानंतरच.
आधी केली तर तीही पुसली जाईल.
म्हणजे चर्चमधली सही आणि इथली सही
यांच्या मधल्या वेळात
मशीनबद्दल कुणीच काही म्हटलेलं नसणार.

म्हणून लग्न शनिवारी नाही, बुधवारी.
पाद्रींनी दोनदा विचारलं, बुधवारी का?
जोकीम म्हणाला, कोर्टाकडचं ऑफिस उघडं असतं.

काल मशीनला तेल घातलं.
सुईत निळा दोरा होता, टोक करपलेलं.
ओढून बघितला, तुटला नाही.
मी तसाच सोडला.

खाली झेरॉक्सवाला पुंडलिक साक्षीदार आहे.
विचारत होता, नेमकं किती वाजता यायचं?
मी म्हटलं, चर्चची घंटा ऐकलीस
की दुकान बंद कर आणि जिना चढ.